‘मुलाखतीनंतर आठ दिवसांत फोन न आल्यास प्रवेश नाकारला’ : खुलासा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील पालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे की, एमबीबीएससाठी महाविद्यालयात मुलाखत होते आणि त्यानंतर आठ दिवसांत फोन न आल्यास प्रवेश नाकारला असे समजावे. हा मजकूर चुकीचा आहे. काल एका आईने रडवेल्या आवाजात मला त्याविषयी विचारले, म्हणून हे लिहीत आहे.

ओरोस (सिंधुदुर्ग) किंवा रत्नागिरी येथील शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या प्रवेशासाठी मुलाखत होतच नाही. तेथील ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, ‘नीट’ या देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गुणवत्तेनुसार फेऱ्याफेऱ्यांनी भरल्या जातात. निर्णय कळतो तो संकेतस्थळावरील निवड यादीतून, कोणाच्या फोनवरून नव्हे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मी माहितीपुस्तिका पानन् पान वाचली होती आणि प्रत्येक फेरीची यादी स्वतः पाहिली होती.

मुलाखत आहे ती पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात. तेथे नीटच्या गुणांवर निवडलेल्या उमेदवारांची इंग्रजी आकलन व तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. तेथील निकालही गुणवत्ता यादीनेच लागतो, त्यामुळे फोन न येण्याला तेथेही काही अर्थ नाही.

फेऱ्या सुरू असताना अशा संदेशामुळे एखाद्या मुलाने पुढील फेरीसाठी महाविद्यालयांचे पसंतीक्रमच भरले नाहीत, तर हाती येऊ शकणारी जागा जाईल, याचीच मला अधिक चिंता वाटते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा आजच कळवा.