आरक्षण टाकायचं तर मोबदल्याचे पैसेही बाजूला काढा

विकास आराखड्यात तुमच्या जागेवर बाग किंवा शाळेचं आरक्षण पडलं, की सातबारा तुमचाच राहतो, पण जागा तुमच्या उपयोगाची राहत नाही. बांधकाम परवानगी मिळत नाही. झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे ते सांगणारा) पाहून बँक मागे सरते. गिऱ्हाईक येतं ते पडेल भावात मागायला. आणि महापालिका? ती ना जागा घेते, ना पैसे देते, ना सोडते.

शहराला बागा, शाळा, दवाखाने हवेतच. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सगळ्या शहराच्या बागेचा खर्च दहा गुंठेवाल्या एका कुटुंबाने का सोसायचा?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याचं कलम १२७ सांगतं, की आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत भूसंपादन सुरू झालं नाही तर आरक्षण रद्द. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ मध्ये २४. म्हणजे उशीर सरकारचा आणि सवलतही सरकारलाच! गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नुसता प्रस्ताव पुढे पाठवणं म्हणजे संपादन सुरू करणं नव्हे. तरी पालिका अजून तेच करतात आणि मालकाला हायकोर्टात जावं लागतं.

माझ्या मावशीच्या सासरी हेच झालं. वकिलाची फी परवडेना म्हणून त्यांनी शेवटी जागा मिळेल त्या भावाला विकून टाकली.

"मालमत्तेचा हक्क म्हणजे बिल्डरांची वकिली," असं माझे काही मित्र म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचं मंत्रालयात वजन आहे त्याला या हक्काची गरजच काय? तो थकलेल्या मालकाकडून आरक्षित जागा स्वस्तात घेतो आणि याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करून आरक्षण उठवून आणतो. बाग गेली, मूळ मालकही गेला. हक्काचा आधार लागतो तो ज्याच्या ओळखी नाहीत त्याला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेला मूलभूत हक्कांतून काढलं. राज्यघटनेचं कलम ३००अ उरलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येत नाही. ते तरी नीट पाळा.

आमच्या शहरात मी हीच मागणी लावून धरणार आहे. प्रत्येक आरक्षणासमोर ते कधी पडलं, मालकाला काय दिलं आणि यंदाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती तरतूद आहे, हे पालिकेने जाहीर करावं. टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा की रोख, हे मालकाला ठरवू द्यावं. पैसे नसतील तर जागा सोडावी.

तुमच्याकडे प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाला, तर हरकतीसाठी ठरावीक मुदत मिळते. हरकत लेखीच द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला शेजारच्या मालकांनाही सोबत न्या. नगरसेवक दारात आले, की आपल्या प्रभागातली किती आरक्षणं १० वर्षांहून जुनी आहेत ते त्यांना विचारा.