प्रतिक्रियेला उत्तर: साखळ्या मोजायला सांगणं म्हणजे घाबरवणं नव्हे

ताई, क्रोशाने विणायला घेण्याआधी पायाच्या साखळ्या किती लागतील ते मोजून काढा, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "एवढं गणित सांगून नवीन मुलींना घाबरवू नका, आमची आजी लांब साखळी घालायची आणि उरलेली सोडवायची" असं तुम्ही लिहिलंय. हुकचा नंबर आणि फोटोंबद्दलही काही आहे, ते राहू दे. पण "घाबरवू नका" हे मला लागलं. शंका विचारणं वेगळं आणि टोमणा मारणं वेगळं, आणि हा टोमणाच आहे.

उरलेली साखळी सोडवता येते, मान्य. पाच-दहा जास्तीच्या घाला की, कोण नको म्हणतंय! पण कितव्या शेलला (एकाच जागी विणलेल्या टाक्यांचा शिंपल्यासारखा पंखा) थांबायचं हे आजींना कसं कळायचं? हाताला सवय होती म्हणून. नवीन मुलीला ती नसते. पाच खांबांचा (उंच टाक्यांचा) शेल, मग मुका खांब (बुटका टाका), या डिझाईनला 6 च्या पटीत अधिक 1 टाके लागतात. त्याच डिझाईनचा छोटा नमुना विणून 10 सेंमीत 16 टाके आले तर बाळाच्या 75 सेंमी शालीला 120, म्हणजे 20 शेल, कडेचा 1, आणि पहिला मुका खांब हुकपासून दुसऱ्या साखळीत जातो म्हणून आणखी 1, झाल्या 122. पहिली ओळ खांबांची असेल तर टाक्यांपेक्षा 2 जास्त, कारण पहिला खांब हुकपासून चौथ्या साखळीत जातो आणि सोडलेल्या तीन साखळ्या एक खांब धरतात. यात घाबरण्यासारखं काय आहे हो?

अंदाजाने विणलं की शेल पुरे बसतात पण शाल 75 ची 90 होते, लोकर अर्ध्यात संपते आणि मग त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, रंग दुकानात मिळत नाही. क्लासमध्ये रडकुंडीला आलेल्या मुली मी बघितल्यात, तुम्ही नाही.

आणि आजीचा दाखला देताय म्हणून सांगते, मी आत्याकडे शिकले. तिच्याकडे ना पुस्तक ना यूट्यूब, तरी दर 20 साखळ्यांना लाल दोरा अडकवायची, म्हणजे मोजणी चुकली तरी पहिल्यापासून मोजायला नको. माझ्या रुखवतातली तोरणं, रुमाल, सगळं तिने असंच मोजून विणलंय. जुन्या बायका मोजत नव्हत्या असं परत कुणाला सांगू नका, त्यांच्या कष्टाचा अपमान होतो तो.

तुमची पद्धत तुम्हाला जमते तर खुशाल वापरा. पण इथे लिहिताना जरा नीट बोला, मग हुकच्या नंबराचंही उत्तर देईन.