चार फूट साडेआठ इंचांची थाप

रविवारी भाचा आला की चपला काढायच्या आधी मागच्या खोलीत शिरतो. तिथे आठ बाय चार फुटांच्या प्लायवर माझ्या मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे. एक स्टेशन, छोटं यार्ड, एक बोगदा आणि गेली तीन वर्षं अर्धाच राहिलेला डोंगर. या रविवारी मात्र त्याने कंट्रोलरला हात लावला नाही. रुळांकडे बघत म्हणाला, "मामा, तुझे हे रूळ रोमन आहेत, माहितीये तुला?"

शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. आजोबांनी त्याला भाषण बसवून दिलंय, आणि भाषणाचा सगळा कच्चा माल व्हॉट्सॲपवरचा.

आजोबा म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही, बहिणीला महिनाभर ऐकून घ्यावं लागेल. तरी फोन करून अगदी हळू म्हटलं, "तात्या, त्यात थोडी गडबड आहे हो." त्यावर तात्या म्हणाले, "अहो, तुम्ही खेळण्यातल्या गाड्या पळवता. इथे नासाचा दाखला दिलाय." फोनवर गप्प बसलो, म्हणून आता इथे लिहितोय.

तो मजकूर अजून ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत दोन रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच. का? इंग्रजांनी तसं बांधलं म्हणून. इंग्रजांनी का? घोड्यांच्या गाड्या बनवणाऱ्यांचे साचे तसे होते म्हणून. साचे तसे का? इंग्लंडच्या रस्त्यांवरच्या चाकोऱ्या तेवढ्या रुंद म्हणून. त्या चाकोऱ्या रोमन युद्धरथांनी पाडलेल्या, आणि रथ तेवढे रुंद कारण समोर दोन घोड्यांचे पार्श्वभाग मावायला हवेत. पुढचा कळस असा: स्पेस शटलचे बूस्टर, म्हणजे त्याला वर ढकलणारी रॉकेटं, रेल्वेने बोगद्यातून न्यावे लागले, बोगदा "रुळांपेक्षा किंचित रुंद", म्हणजे अवकाशयानाचं माप घोड्याच्या ढुंगणाने ठरवलं. मराठी अवतारात कुणीतरी शेपूटही जोडलंय: "इंग्रजांनी हेच माप भारतात आणलं आणि आजही आपली लोकल रोमन चाकोरीतून धावते." मग तात्पर्य, दोन हजार वर्षं कुणी प्रश्नच विचारला नाही.

शेपटापासून सुरुवात करतो, कारण ते आपल्या अंगणातलं आहे आणि सगळ्यात निलाजरं आहे.

आपली लोकल ज्या रुळांवर धावते त्यांच्यातलं अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली तीही याच मापावर. रोमन हिशेबाने इथे सव्वादोनच्या वर घोडे जुंपावे लागतील. आणि हे माप आपोआप घरंगळत आलेलं नाही. लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या मनात आधी ४ फूट साडेआठ इंचच होतं. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीला सहा फूट हवं होतं, १८५० मध्ये त्याने तसं सविस्तर लिहून कळवलं. शेवटी ठरलं साडेपाच फूट. म्हणजे ज्या देशाबद्दल "कुणी विचारच केला नाही" म्हणून छाती पिटताय, त्याच देशात पहिली प्रवासी गाडी धावायच्या आधी तीन मापांवर भांडण झालं होतं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी टेबलावर कळलं होतं. एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मॉडेल. त्याचा रूळ १६.५ मिमीचा असतो, कारण ४ फूट साडेआठ इंच म्हणजे १४३५ मिमी, त्याला ८७ ने भागलं की तेवढंच येतं. आपल्या ब्रॉडगेजला, म्हणजे १६७६ ला भागा, सव्वाएकोणीस येतात. एवढ्या रुंदीचा तयार रूळ दुकानात मिळत नाही, म्हणून भारतीय इंजिनांची एचओ मॉडेलंही साडेसोळावरच पळवावी लागतात. इंजिन समोरून बघा. अंग भारतीय, चाकं आत ओढलेली, लग्नात धाकट्या भावाची विजार घालून आल्यासारखी. भाच्याच्या हातात मापायचा व्हर्निअर कॅलिपर दिला. त्याने रूळ मोजला, गुणाकार केला, वहीत १४३५ च्या शेजारी १६७६ लिहिलं आणि म्हणाला, "मग आजोबांनी कशाला सांगितलं?" मी पाणी आणायला गेलो.

त्याच टेबलाच्या कोपऱ्यात नऊ मिलिमीटरच्या रुळावर मी बार्शी लाइट रेल्वेचा एक तुकडा मांडतोय. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली ती लाइन अडीच फुटी. नेरळ–माथेरान दोन फुटी. शिवाय देशभर पसरलेलं मीटरगेज होतंच, आणि ते उखडून ब्रॉडगेज करायचा मोठा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. एवढी मापं एका देशात, आणि म्हणे चाकोरी एकच! बरं, रोमन माप अगदीच आलं नाही असंही नाही. २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली ती ४ फूट साडेआठ इंचांवर. पुणे आणि नागपूर मेट्रोही त्याच मापाच्या. तेव्हा रथ आला खरा, पण एसी डब्यातून आणि फार उशिरा.

आता इंग्लंड. यात अर्धं खरं आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. सुरुवातीच्या रेल्वेचा इंजिनिअर जॉर्ज स्टीफनसन, त्याने हे माप आकाशातून पाडलं नव्हतं. किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीत घोडे ज्या रुळांवरून वॅगन ओढायचे त्यांचं अंतर ४ फूट ८ इंच होतं. तो तिथलाच माणूस, हाताशी होतं ते उचललं. वर साडेआठमधला अर्धा इंच लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या वेळी वाढवला, चाकांची कड रुळाला घासू नये म्हणून थोडी ढील दिली, बस्स. घोडा आहे म्हणून गाडी साधारण पाच फुटी, हेही खरं. आपल्याकडची बैलगाडी बघा, तिच्याही चाकांमधलं अंतर त्याच्या आसपास भरेल, आणि तिच्या बैलांनी रोम पाहिलेलं नाही. जनावर, आस, ओझं आणि वाट यांचा मेळ घातला की कुठलाही सुतार त्याच आकड्याच्या जवळपास पोचतो.

पण "जवळपास" आणि "तंतोतंत" यांच्यातच तर सगळी गंमत आहे. जवळच्याच वायलमच्या खाणीत रूळ पाच फुटी होते. स्कॉटलंडमध्ये साडेचार फुटीही होते आणि साडेपाच फुटीही. सगळे जर एकाच रोमन चाकोरीत चालले होते, तर शेजारच्या खाणीची चाकोरी चार इंच जास्त रुंद कशी? शिवाय वॅगनचे हे रूळ खाणमालक आपल्या सोयीने आपल्या वाटेवर टाकत होते, रस्त्यावरच्या खाचांशी जुळवायची त्यांना काही गरजच नव्हती.

यावर माझ्याकडे एक भक्कम साक्षीदार आहे आणि मी त्याच्यावरच भार टाकणार आहे. १८४५ मध्ये ब्रिटिश सरकारने गेजसाठी, म्हणजे रुळांमधल्या अंतरासाठी आयोग नेमला, कारण इंजिनिअर ब्रुनेलने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे रूळ सात फुटी टाकले होते आणि ग्लॉस्टरला दोन मापं भेटत होती तिथे माल या डब्यातून त्या डब्यात ओतावा लागत होता. जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफनसन आयोगापुढे आला. हे माप कुठून आलं, असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की वडिलांनी ते उत्तरेतल्या खाणींच्या वाटांवरून घेतलं. नव्याने ठरवायचं असतं तर आपण थोडे इंच वाढवले असते, हेही कबूल केलं. त्याच्या साक्षीत रोमन नाहीत. पार्श्वभागही नाही. बापाच्या मापाला उणं म्हणणारा मुलगा सरकारी नोंदीत आहे, आणि तात्यांचा मजकूर म्हणतो, कुणी विचारलं नाही.

आयोगाने गाड्या पळवूनही पाहिल्या. ब्रुनेलच्या बाजूचं इंजिन वेगात सरस ठरलं. तरी कौल अरुंद मापाला गेला, कारण तोवर त्याचे सुमारे १९०० मैल रूळ पडले होते आणि रुंद मापाचे २७४. हिशेब होता, चांगला की वाईट यावर भांडा हवं तर. १८४६ मध्ये कायदा झाला, आणि ब्रुनेलचं माप त्यानंतरही १८९२ पर्यंत तग धरून होतं. मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी हजारो मजुरांनी ते उखडलं.

रोमनांवर फार शाई घालवत नाही. रोमन सैन्य मुख्यतः पायी लढायचं. रथ होते ते शर्यतींत आणि विजययात्रांत, आणि शर्यतीचा नामांकित रथ चार घोड्यांचा. दोन पार्श्वभागांचं गणित तिथेच कोसळतं. पॉम्पेईच्या फरशीवर चाकांच्या खोल खाचा आहेत, पण त्या मालवाहू गाड्यांच्या. ब्रिटनमधून रोमन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला गेले, आणि तिथली वॅगनच्या रुळांची जुनी नोंदलेली वाट १६०४ ची, नॉटिंगहॅमजवळची. मधल्या बाराशे वर्षांत ती खाच सांभाळून कोण बसलं होतं?

अमेरिकेचं तर हसूच येतं. "इंग्रजांनी बांधलं म्हणून तसंच झालं" म्हणे. ईरी रेल्वे सहा फुटी होती. दक्षिणेत पाच फुटी. पॅसिफिक रेल्वेसाठी खुद्द लिंकनने पाच फूट ठरवलं होतं आणि १८६३ मध्ये काँग्रेसने ते फिरवून ४ फूट साडेआठ इंच केलं. दक्षिणेने ३१ मे १८८६ पासून दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैलांचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. भाच्याला हे सगळ्यात आवडलं. "दोन दिवसांत? आणि गाड्या?" गाड्यांची चाकंही आत ढकलली, बाळा, त्याची तयारी आधीपासून चालू होती. मग त्याने आमच्या यार्डातला एक स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, नखाने उचकटून पाहिला. अजून तुटलेलाच आहे.

मापं चिकटतात, हे मात्र मला मान्य करावंच लागेल, कारण आमचा छंदच त्याचा पुरावा आहे. ब्रिटिश मॉडेलवाले ओओ वापरतात: गाडी १:७६ ची आणि रूळ १:८७ चा. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, त्यांना पळवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी जाड, एचओच्या अंगात मावेनात. मग अंग फुगवलं आणि रूळ तसाच ठेवला. आजही ती चूक दुकानात विकली जाते. पण तिथेही लोक गप्प नाहीत. काही जण १:७६ ला जुळणारे १८.८३ मिमीचे रूळ स्वतः बसवतात आणि बाकीच्यांना उपदेश करतात. कारण शोधायचं तर असं, मोटारीपर्यंत जाऊन.

राहिला रॉकेटचा मुद्दा, तात्यांचा हुकमी एक्का. बूस्टर अमेरिकेच्या युटा राज्यातल्या थायोकोल कंपनीच्या कारखान्यात बनत आणि रेल्वेने फ्लोरिडाला जात, हे खरं. कारखाना प्रोमॉन्टरीच्या परिसरात, जिथे १० मे १८६९ ला पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांकडून आलेले रूळ जोडले गेले. इतका सुंदर खरा योगायोग समोर असताना खोटा कशाला रचायचा, मला कळत नाही. बूस्टर तुकड्यांत बनवण्यामागे वाहतूक हे एक कारण होतं, हेही खरं. त्याच तुकड्यांच्या एका सांध्यातली रबरी कडी थंडीत नीट बसली नाही, २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे शटल कोसळलं आणि सात माणसं गेली. रेल्वे आणि रॉकेटचा खरा संबंध सांगायचा तर हा आहे. त्यावर ढुंगणाचा विनोद होत नाही.

आता "रुळांपेक्षा किंचित रुंद बोगदा". बूस्टरचा व्यास १२ फुटांच्या वर, रुळांमधलं अंतर पाच फुटांहूनही कमी. बोगदा रुळांपेक्षा किंचित रुंद असता तर बूस्टरच काय, साधा डबाही आत गेला नसता. डबा रुळांच्या दुप्पट रुंद असतो. फलाटावर उभं राहून कधीतरी खाली वाकून बघा. सांभाळून.

भाच्याला बोलून पटेना. मग एचओच्या हिशेबाने बूस्टर काढला, साधारण ४३ मिमी. टिश्यूच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी जवळजवळ तेवढीच निघाली. ती सपाट वॅगनवर रबरबँडने बांधली. चपलांच्या खोक्यातून तात्यांचा बोगदा कापला, रुळांपेक्षा किंचित रुंद, मोजून वीस मिलिमीटर. इंजिन सोडलं. बूस्टरचं सोडाच, इंजिनाचं नाकच खोक्यात अडकलं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली. मग तीच गाडी माझ्या जुन्या बोगद्यातून सोडली. नळी एका बाजूने घासली, पण पार झाली. भाच्याने दोन्हींचा व्हिडिओ काढून आजोबांना पाठवला.

रात्री तात्यांचा निरोप आला: "बोगदा तुम्ही चुकीचा कापलाय."