व्हीबी मेलेलं नाही, तारीख उलटलीय

उत्तर गोव्यातल्या दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) ही प्रोग्राम लिहायची जुनी भाषा. ते मायक्रोसॉफ्टने २००८ सालीच बंद केलं, ६४-बिट विंडोजवर ते चालत नाही, चाललं तरी रखडतं आणि तारखा चुकवतं. म्हणून त्यात लिहिलेलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर टाका, नवीन घ्या. मी म्हापशात असलीच जुनी सॉफ्टवेअरं दुरुस्त करून पोट भरतो. माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो.

२००८चं अर्धंच खरं आहे. त्या एप्रिलमध्ये सपोर्ट संपला तो प्रोग्राम लिहायच्या साधनाचा. लिहिलेला प्रोग्राम चालवणारं रनटाइम विंडोज ११ सोबतही येतं.

६४-बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. व्हीबी ६ मात्र ३२-बिट आहे, ते चालतं. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय. अडतं ते ओसीएक्सपाशी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार सुट्या भागांच्या फाइलींपाशी. नव्या मशीनवर ग्रिडचा (रकान्यांच्या तक्त्याचा) ओसीएक्स विंडोजमध्ये नोंदवलेला नसतो आणि प्रोग्राम उघडतानाच एरर देतो. ती फाइल विंडोजच्या सिसवॉव६४ फोल्डरमध्ये टाकायची आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन तिथल्याच रेगएसव्हीआर३२ या नोंदणीच्या प्रोग्रामने नोंदवायची. सिस्टिम३२मध्ये ६४-बिट फाइली आणि सिसवॉव६४मध्ये ३२-बिट! हे बारसं करणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

आता ‘रखडतं’. डिचोलीला काजूच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो होतो. “रॅम दुप्पट केली, तरी एका बिलाला चाळीस सेकंद. गिऱ्हाईक उभं राहतं हो,” शेट म्हणाले. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर निवांत. डेटाची एमडीबी फाइल (जुन्या अ‍ॅक्सेस डेटाबेसची) पुढच्या काउंटरच्या मशीनवर, बिलं मागच्या खोलीत. मी त्या फाइलचा फोल्डर उघडून नुसता बघत बसलो. बिल सुरू झालं की शेजारी एक एलडीबी फाइल, म्हणजे डेटा कोणी उघडलाय याची नोंद ठेवणारं कुलूप, उमटायची, नाहीशी व्हायची, परत उमटायची. बिलातल्या प्रत्येक ओळीला प्रोग्राम कनेक्शन उघडून मिटत होता, आणि दर वेळी ही कुलपाची फाइल नेटवर्कवरून बनून पुसली जात होती. पूर्वी बिल आणि डेटा एकाच मशीनवर होते, म्हणून दुखणं जाणवलं नाही. प्रोग्राम उघडताना एकच कनेक्शन उघडलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. बिल दोन सेकंदांवर आलं. भाषा तीच, रॅम तीच.

तारखा चुकतात, हे मात्र मीही पाहिलंय. ७ मार्चची बिलं शोधली तर ३ जुलैची येतात, १३ मार्चची बरोबर येतात. क्वेरीत, म्हणजे डेटा शोधायच्या आज्ञेत, दोन # चिन्हांमध्ये घातलेली तारीख एमडीबी फाइल वाचणारं जेट इंजिन अमेरिकन पद्धतीने, आधी महिना धरून वाचतं. तेरावा महिना नसल्यामुळे तेरा तारखेपासून आपसूक सुधारतं. जुन्या मशीनची तारखेची सेटिंग अमेरिकन होती म्हणून निभावलं. नवीन मशीन भारतीय सेटिंगचं आलं आणि घोळ झाला. कोडमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घातली की सेटिंग कुठलीही असो, फरक पडत नाही.

मेसेजवाल्याने एक खरी अडचण सांगितलीच नाही: एमडीबी फाइल २ जीबीच्या वर जात नाही. तेवढ्यासाठी घाबरायचं असेल तर आधी फाइलवर राइट क्लिक करून आकार बघा. डिचोलीच्या शेटांची नऊ वर्षांची फाइल १८० एमबीची आहे.