कवितेला साठ तास

जून उजाडला की मराठीच्या प्राध्यापकाला एक ताप येतो: यंदा मनासारखं शिकवायचं. संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फेऱ्या मारताना तो चढतो. नवी वही घेतली, कवितासंग्रहात खुणेचे कागद घातले, मागच्या वर्षीच्या नोट्स फाडाव्याशा वाटल्या, अशी लक्षणं तुमच्यात दिसत असतील तर घाबरू नका. गणपतीपर्यंत उतरतो. तोवर पथ्यपाणी सांगतो.

आधी हिशेब. पेपर चार क्रेडिटचा, एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे कवितेला 60 तास. आकडा पाहून ऊर भरून येईल, येऊ द्या. मग वजाबाकीला बसा. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वर्गच भरत नाही, 8 गेले. 26 जूनची शाहू जयंती, तिच्याआधी वक्तृत्व आणि रांगोळी, 3. अंतर्गत परीक्षा आणि सेमिनार, 6. युवा महोत्सवात 5, कारण वर्गात वाचणारी तीन पोरं असतात आणि तिन्ही एकांकिकेत असतात. गणपती 8, घरचा गौरीबरोबर जातो, मंडळाचा अनंत चतुर्दशीला, आणि पोरं दोन्हीकडं लागतात. राहिला पूर. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. तुमचा वर्ग मात्र त्याच्या आधीच ओसरतो, कारण निम्मी मुलं एसटीच्या पासवर येतात आणि गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं की पास घरीच बसतो. साध्या वर्षी 6 धरा. 2019 किंवा 2021 सारखं वर्ष निघालं तर हा परिच्छेद वाचूच नका.

उरले 24. रोज हजेरीला दहा मिनिटं, कारण 75 टक्क्यांचा नियम आहे. म्हणजे आणखी 4 गेले. राहिले 20.

ह्या वीस तासांत कविता कुठं येते? चौथ्या घटकात. पहिल्या घटकात कवितेचं स्वरूप, व्याख्या आणि वैशिष्ट्यं. जुलैभर व्याख्या चालतात, आणि ऑक्टोबरात कविता येते ती ‘ही घरी वाचा’ ह्या रूपात. चौथा घटक आधी घेतला तर सगळा प्रश्न सुटतो, म्हणूनच तसं करू नका. टीचिंग प्लॅनशी जुळणार नाही.

आता खरं काम, सीओ-पीओ. सीओ म्हणजे कोर्समधून पोरांना काय यायला हवं, पीओ म्हणजे अख्ख्या पदवीतून काय. कोर्सची निष्पत्ती लिहिताना क्रियापद मोजता येईल असं हवं. ‘विद्यार्थी कवितेत रमतो’ बाद. ‘विद्यार्थी कवितेतील रमण्याच्या घटकांचे विश्लेषण करतो’ पास. मग प्रत्येक सीओचा प्रत्येक पीओशी संबंध आकड्यात सांगायचा: घनिष्ठ असेल तर 3, मध्यम 2, जेमतेम 1. नवखे लोक सगळीकडं 3 टाकतात आणि समितीला वास येतो. तुम्ही छंदशास्त्र शिकलात ते कधी वापरणार? लघूला 1, गुरूला 2. रकाने बारा असतील तर 1-2-2 असा यगण चारदा बसवा, झक्क भुजंगप्रयात होतो. कुठंतरी एखादा 3 सोडा. जाणकार त्याला प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा स्वर समजेल, बाकीचे घनिष्ठ.

कविता वाचताना गळा दाटून आलाच, तर दोन मिनिटं तसाच ठेवा आणि शिपायाला मोबाइल घेऊन बोलवा. फोटो जिओटॅगच हवा. अक्षांश-रेखांश नसलेला गहिवर कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या एकाही निकषात बसत नाही.

तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे मिळणाऱ्या नोकरीत असाल तर उत्साह बेताचा ठेवा. तास सुरू होतात, नेमणुकीची ऑर्डर मागाहून येते. घेतलेला प्रत्येक तास तारखेसह लिहा, बिलात यमक चालत नाही.

परिपत्रकं वाचायला शब्दशक्ती उपयोगी पडतात. ‘इच्छुकांनी उपस्थित राहावे’ ह्याची अभिधा, म्हणजे सरळ अर्थ, इच्छुकांसाठी आहे. व्यंजना, म्हणजे आतला अर्थ, तुमच्या रजेच्या अर्जावर कळते. मागच्या बाकावरच्या ‘सर, हे किती मार्काला हाय?’ ह्या प्रश्नाला मात्र व्यंजना नाही. पाच म्हणून सांगा. भवानी मंडपाकडून गाईड आणलेलंच असतं, ‘विषय हार्ड’ म्हणून पोरं ते उघडतील.

एक धोका शेवटपर्यंत राहतो. परतीच्या पावसात एखादी मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारते, ‘सर, ह्या कवीचं आणखी काय मिळंल का वाचायला?’ ह्याला कुठल्याच फाइलमध्ये रकाना नाही. गोंधळू नका. करवीर नगर वाचन मंदिराचा पत्ता द्या. 1850 पासून चालू आहे, सुट्टी पडायच्या आत सापडेल. फक्त जायच्या आधी तिची सही घ्या. ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर’च्या यादीत एक नाव कमी पडत होतं.