मांझिकर्टला नेमकं काय गमावलं?

‘26 ऑगस्ट 1071 रोजी मांझिकर्टला बायझंटाइन साम्राज्याचं पानिपत झालं. सम्राट रोमानोस चौथा याचा उतावळेपणा नडला, सगळं सैन्य कापलं गेलं, तुर्कांनी सम्राटाचे डोळे काढले आणि एका दिवसात अनातोलिया गेला.’ या आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतोय. (मांझिकर्ट हे आजच्या पूर्व तुर्कस्तानातलं गाव, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य, आणि अनातोलिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग.) त्यातली तारीख तेवढी बरोबर आहे.

सगळं सैन्य कापलं जायला आधी ते सगळं रणांगणावर हवं होतं. रोमानोसने मोठी तुकडी तार्खानिओतेस आणि नॉर्मन सरदार रुसेल यांच्याबरोबर खलात शहराकडे पाठवली होती. तुर्क येताहेत हे कळताच ती मेलितेने शहराकडे निघून गेली, लढाईत उतरलीच नाही. पिछाडी होती आंद्रोनिकोस दुकासकडे. सम्राट पडल्याची आवई उठली तेव्हा मदतीला धावण्याऐवजी तो आपली माणसं घेऊन परतला. इतिहासकार मिखाएल अत्तालेइआतेस त्या मोहिमेत स्वतः हजर होता आणि त्याने या माघारीला फितुरीच म्हटलंय. मार बसला तो मुख्यतः सम्राटाभोवतीच्या मधल्या फळीला.

आता डोळ्यांचं. हे तर धादांत खोटं आहे, आणि खरी हकिकत जास्त भयंकर आहे. तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलानने कैदी सम्राटाला सन्मानाने वागवलं, खंडणीचा तह केला आणि आठवड्याभरात सोडून दिलं. त्याला तेव्हा इजिप्तच्या फातिमी राजवटीशी लढायचं होतं. अनातोलिया घेण्याचा त्याचा बेत दिसत नाही. पण राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुकास घराण्याने (आंद्रोनिकोस याच घराण्यातला) रोमानोसला पदच्युत करून त्याचा सावत्र मुलगा मिखाएल सातवा याला एकट्याला गादीवर ठेवलं होतं, त्याची पत्नी सम्राज्ञी युदोकिया हिची रवानगी मठात केली होती. रोमानोस राज्य परत मिळवायला लढला, दोकेइआला हरला, मग अदानात कोंडला गेला. तिथे त्याच्यावर चालून आलेला सेनापती कोण? तोच आंद्रोनिकोस. जिवाला धक्का लावणार नाही अशी हमी बिशपांनी दिली, त्यावर तो संन्यासी होऊन शरण आला. तरीही जून 1072 मध्ये त्याचे डोळे काढले. जखमा चिघळून तो प्रोते बेटावर मेला. दरबारी विद्वान प्सेलोसने त्याला पत्र लिहून दृष्टी गेल्याबद्दल त्याचं चक्क अभिनंदन केलं होतं!

उतावळेपणाचा आरोप मात्र मी पूर्ण खोडणार नाही. शत्रू कुठे आहे याची खात्री नसताना फौज विभागणं आणि सुलतानाचे तहाचे दूत परत पाठवणं, या दोन्ही चुका त्याच्याच. पण 1068 मध्ये गादीवर आला तेव्हा त्याच्या हाती काय होतं? आर्मेनियातलं आनी 1064 मध्येच पडलं होतं, 1067 मध्ये अनातोलियातलं कैसरिया शहर लुटलं गेलं होतं आणि सरहद्दीच्या फौजेची बरीच वर्षं आबाळ झाली होती.

राहिला ‘एका दिवसात’ हा शब्दप्रयोग. अँटिओक हे मोठं शहर तुर्कांकडे गेलं ते 1084 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. मधल्या काळात रुसेलने अनातोलियातच स्वतःचं राज्य थाटायचा प्रयत्न केला आणि त्याला आवरायला मिखाएलच्या दरबाराने तुर्कांनाच बोलावलं. 1078 मध्ये बोतानेइआतेस या सेनापतीने तुर्कांची मदत घेऊन गादी मिळवली. पुढे मेलिस्सेनोस हा दुसरा दावेदार उठला, त्याने पश्चिमेकडच्या शहरांत तुर्की शिबंदी बसवली. राजधानीपासून फार लांब नसलेलं निकेआही त्यांतच होतं.