ड्रॅगन दिसला का?

ड्रॅगन पाहायचा असेल तर सगळ्यात आधी पडदे ओढावे लागतात. मग दिवे घालवायचे, मोबाइल पालथा ठेवायचा, राउटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर रुमाल टाकायचा. एवढं केलं की त्या अजस्र प्राण्याचं दर्शन होण्याची शक्यता निर्माण होते. शक्यताच म्हणायची, कारण तो येतो रात्री, धुरातून, वादळात, आणि बहुतेक वेळा रंगाने काळा असतो.

या सगळ्या प्रकारावर, म्हणजे अद्भुतकथा आणि विज्ञानकथांच्या मालिका-सिनेमांवर, माझी निष्ठा आहे हे आधी सांगतो. निर्वात अवकाशात यानं घोंघावतात, मी चालवून घेतो. पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांचं अंतर, ते कुणी वेळ मोजायला वापरलं तरी मी पोटात घालतो. भक्ताचं पोट मोठं असतं. मागणी एकच आहे: जे दाखवताय ते दिसू द्या.

या दुखण्याचा मोठा झटका साऱ्या जगाला एकदम आला तो २८ एप्रिल २०१९ रोजी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या ड्रॅगनवाल्या मालिकेच्या आठव्या सीझनचा तिसरा भाग. मृतांच्या फौजेशी ८२ मिनिटांची लढाई, आणि तिच्यासाठी ५५ रात्री जागून केलेलं चित्रीकरण. प्रेक्षकांनी ती ८२ मिनिटं डोळे बारीक करून काढली. कोण मेलं, कोण जगलं याचा उलगडा अनेकांना दुसऱ्या दिवशी वाचून झाला. बोंबाबोंब झाल्यावर छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं आलं की लोकांना आपले टीव्ही नीट लावताच येत नाहीत. बरोबरच आहे. चष्मा बसत नसेल तर नाक तपासून घ्यावं.

गंमत म्हणजे पुढच्याच आठवड्याच्या भागात मेजवानीच्या टेबलावर कुणाचा तरी कॉफीचा कप राहून गेला, तो मात्र पृथ्वीवरच्या झाडून साऱ्या प्रेक्षकांना दिसला. तिथे उजेड होता.

बरं, ठेच लागली म्हणून कुणी शहाणं झालं म्हणावं, तर २०२२ मध्ये त्याच मालिकेच्या पूर्वकथेत, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या सातव्या भागात, समुद्रकिनाऱ्यावरचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून नंतर काळे केलेले होते. दिग्दर्शक तेच, मिगेल सापोच्निक. तक्रारी गेल्या तेव्हा उत्तर मिळालं की हा मंद प्रकाश हेतुपुरस्सर आहे. फार सोयीचा शब्द. जिन्यावरून गडगडत खाली आलेल्या माणसानेही वापरावा इतका.

आता दोष सगळा त्यांचा नाही, हेही खरं. बराचसा मधल्या प्रवासाचा आहे. रंगसंस्कार करणारा तंत्रज्ञ बसतो काळोख्या खोलीत, मोजूनमापून लावलेल्या मॉनिटरसमोर. तो प्रसंग त्याने इतक्या वेळा पाहिलेला असतो की कोण कुठे उभं आहे हे त्याला डोळे मिटूनही सांगता येईल. नंतर ते चित्र आपल्याकडे निघतं. साध्या आठ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या १६ ते २३५, म्हणजे एकूण २२०. रात्रीचा अख्खा प्रसंग त्यांतल्या तळाच्या वीस-पंचवीस पायऱ्यांवर दाटीवाटीने बसतो. चेहरा, चिलखत, घोडा, धुकं आणि ड्रॅगन, सगळ्यांनी मिळून तेवढ्यात भागवायचं. त्यात इंटरनेटवरून पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करतात, आणि ते दाबणारं सॉफ्टवेअर काटकसर करतं नेमकी काळोखात. तिथे माणसाला तसंही फारसं कळत नाही असं त्याचं मत. धूर आणि उडता बर्फ तर त्याचे जन्माचे वैरी, कारण प्रत्येक चौकटीत सगळंच बदललेलं असतं. मग आभाळात धुक्याऐवजी नकाशातल्या डोंगरासारखे पट्टे उमटतात आणि कोपऱ्यात चौकोनी ठिगळं नाचू लागतात. नवखा माणूस त्यालाच ड्रॅगन समजून नमस्कार करतो.

यावर पहिला उपाय म्हणून सगळे ब्राइटनेस वाढवतात. वाढवू नका. बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस नावाचं बटण उजेड वाढवतच नाही, ते काळ्याची पातळी वर उचलतं. म्हणजे मघाशी काळा ड्रॅगन दिसत नव्हता, आता राखाडी ड्रॅगन दिसत नाही. खरा उजेड बॅकलाइटमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांत असतो, ओएलईडी प्रकारच्या टीव्हीवर त्या सेटिंगचं नाव आणखी काही वेगळं असतं. ते शोधण्यात पहिली दहा मिनिटं जातात. त्याच मेनूत वीज वाचवणारा इको मोड आणि खोलीतला उजेड ओळखणारा सेन्सर सापडेल. दोन्ही बंद. हा सेन्सर फार आज्ञाधारक असतो. आपण दिवे घालवले की ‘अच्छा, झोपायची वेळ झाली’ म्हणून तो पडदाही मंद करतो. मग गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचं सेटिंग. तो २.४ किंवा बीटी १८८६ (त्याच धर्तीचं मानक) वर असेल तर ते गणित पूर्ण अंधाऱ्या खोलीचं आहे. खोलीत थोडा जरी उजेड असला तरी २.२ करा, सावल्यांतले चेहरे वर येतात. एलईडी टीव्ही असेल तर लोकल डिमिंग ‘हाय’वरून मध्यमवर आणा. काळोखात एकच मशाल असली की टीव्ही तिच्या भोवतालचे मागचे दिवे विझवतो, आणि त्या नादात मशाल धरणारा माणूसही विझतो. मशाल एकटीच हवेतून चालत येते. ही जादू मूळ कथेत नसते.

मोशन स्मूदिंग तर पाहताक्षणी बंद करावं. चित्र सेकंदाला २४ चौकटींचं असतं, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या कल्पनेने भरतो. माणसाच्या चालण्यात ते खपतं. ड्रॅगनचे पंख वेगाने हलले की त्याला अंदाज येत नाही आणि पंखांच्या कडांना थरथरती झालर लागते.

हे सगळं एका फटक्यात करणारा ‘फिल्ममेकर मोड’ नावाचा प्रकार टीव्हीवाल्यांनी २०१९ मध्ये जाहीर केला. एक बटण दाबलं की चित्र दिग्दर्शकाच्या मनासारखं होतं. म्हणजे पुन्हा काही दिसत नाही.

शेवटचा उपाय उलटा वाटेल, पण गुणकारी आहे: टीव्हीच्या मागे छोटा दिवा. पांढरा, ६५०० केल्विनचा, पडद्यावरच्या पांढऱ्याच्या साधारण १० टक्के उजेडाचा. दिवा स्वतः दिसता कामा नये, भिंतीवर पसरलेला उजेड दिसावा. डोळ्यांवरचा ताण उतरतो आणि काळा जास्त काळा भासतो. समोरचे दिवे मात्र घालवायलाच हवेत, नाहीतर चकचकीत पडद्याचा आरसा होतो. कित्येक घनघोर युद्धांत डाव्या बाजूला पाय वर घेऊन बसलेला एक इसम मी आता चांगला ओळखतो.

एवढी यातायात करताना राग येतो तो एवढ्यासाठी की हे काम येणारी माणसं जगात आहेत. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधला टी-रेक्स रात्रीच येतो, तोही भर पावसात, पण ओल्या कातडीवर उजेड पडतो आणि त्याचा दात न् दात मोजता येतो. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मधल्या रात्री भर उन्हात टिपल्या आहेत. मुद्दाम जास्त उजेडात घेतल्या, म्हणजे सावल्यांत तपशील शिल्लक राहतो, आणि नंतर निळ्या करून खाली आणल्या. २०२२ च्या ‘नोप’ साठी छायालेखक होयते व्हान होयतेमा यांनी दोन कॅमेरे जोडले, एक इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणारा, आणि एक ६५ मिलिमीटर फिल्मचा, आणि दिवसा घेतलेल्या त्या दोन चित्रांतून रात्र घडवली. त्या रात्रीत दूरचा डोंगरही दिसतो. ‘ड्यून: पार्ट टू’मध्ये (२०२४) हार्कोनेन लोकांच्या ग्रहावर काळा सूर्य आहे. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी तिथले उघड्यावरचे प्रसंग इन्फ्रारेडमध्येच टिपले. माणसं मेणासारखी पांढरी, रंगाचा मागमूस नाही, आणि आखाड्यातला एकेक जण स्पष्ट. काळ्या सूर्याच्या उजेडात सगळं दिसतं आणि इतरांच्या पौर्णिमेला काही दिसत नाही, याला काय म्हणावं?

आवाजाचं थोडक्यात सांगतो. संवाद मधल्या स्पीकरसाठी मिसळलेले असतात, आणि आपल्या टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. असतात ते दोन, जमिनीकडे तोंड करून रुसलेले. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ऑडिओच्या यादीत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) सोडून स्टिरिओ निवडा, नाइट मोड लावा, बास उतरवा. तरीही महामंत्री कुजबुजतो तेव्हा आवाज चाळीसवर लागतो, आणि पुढच्याच क्षणी किल्ल्याचा दरवाजा फुटतो तो आपल्या घराचाच.

म्हणून सबटायटल्स. त्यांचं निराळंच. एचडीआर, म्हणजे जास्त प्रखर उजेड दाखवू शकणाऱ्या चित्रात ती पांढरीशुभ्र अक्षरं साऱ्या प्रसंगात सर्वाधिक प्रखर असतात. डोळा त्यांना सरावतो आणि वरचा काळोख आणखी गडद होतो. अक्षरांचा रंग राखाडी करा, पारदर्शकता अर्ध्यावर आणा. स्पॉयलरला मात्र इलाज नाही. बुरख्यातली रहस्यमय व्यक्ती पहिला शब्द बोलण्याआधी खाली तिचं नाव कोलनसकट आलेलं असतं.

समजा दिसलं आणि ऐकूही आलं. तो चेहरा कुणाचा हे आठवायला हवं ना! ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन एप्रिल २०२२ मध्ये संपला तो काळजाचा ठोका चुकवून, आणि दुसरा आला जानेवारी २०२५ मध्ये. चुकलेला ठोका तोवर आपोआप जागेवर आला होता. मालिका आहे स्मृती कापून वेगळ्या ठेवलेल्या माणसांची. प्रेक्षकांवरही तोच प्रयोग झाला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची मुख्य कथा १९८३ ते १९८७ अशी चार वर्षांची, तिचे ४२ भाग यायला जुलै २०१६ ते डिसेंबर २०२५ अशी साडेनऊ वर्षं लागली. शाळकरी पोरांना मिसरूड फुटली तरी गृहपाठ तोच. आणि ड्रॅगनवाल्या घराण्यात रेनिरा, रेनिस, रेना. एगॉन, एमंड, आणि पुन्हा एक धाकटा एगॉन. सगळ्यांचे केस पांढरे. अंधारात.

उजळणीचा माझा हिशेब असा. सगळं पुन्हा पाहायला बसू नये; ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा एकटा चौथा सीझन तेरा तासांचा आहे. मागच्या सीझनचा पहिला भाग आणि शेवटचे दोन, बस्स. सुरुवातीचा रिकॅप जरूर टाळावा. दोन मिनिटांच्या रिकॅपमध्ये सहा वर्षांपूर्वी एकदाच दिसलेला खानसामा झळकला की समजावं, खून त्यानेच केलाय.

या सगळ्यात ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘अँडॉर’ मालिकेने मात्र पांग फेडले. दोन सीझन, २४ भाग, संपली. दुसऱ्या सीझनमध्ये आठवड्याला तीन-तीन भाग, प्रत्येक तिकडीत कथेतलं एक वर्ष. कारकून, तुरुंग, बैठका, टेबलाशी बसलेली माणसं, आणि धडधड कुठल्याही अवकाशयुद्धापेक्षा जास्त. ड्रॅगन नाही हा एक मोठा फायदा.

तर पडदे ओढले, गॅमा लावला, अक्षरं राखाडी केली. एकविसाव्या मिनिटाला पडद्यावर काहीतरी हललं. पंख की ढग? म्हणून मी पॉज दाबतो. पॉज केल्यावर चित्रावर शीर्षक आणि भागाचा क्रमांक येतो आणि तो वाचता यावा म्हणून मागचं चित्र आणखी काळं करण्यात येतं. मी उठून पडद्याजवळ जातो, नाक टेकेपर्यंत. तेवढ्यात टीव्हीला वाटतं इथे कुणी नाही, आणि तो स्क्रीनसेव्हर लावतो: सकाळचं ऊन, हिरवी दरी, आणि गवताचं पातं न् पातं वेगळं.